अँटिऑक्सिडंट हे कामाचे नाव आहे

गेल्या वर्षी एका लांबलेल्या आजारपणानंतर अशक्तपणा लवकर भरून यावा म्हणून माझ्या मावसभावाने मला कॅप्सूलची एक बाटली आणून दिली. तिच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापलेले होते आणि मागच्या बाजूस बारीक अक्षरांत ‘क’ जीवनसत्त्व, ‘ई’ जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि जस्त अशी यादी होती. दीड-दोन महिने मी त्या कॅप्सूल नेमाने घेतल्या. फायदा त्यांचा झाला की नुसत्या विश्रांतीचा, हे मला सांगता येणार नाही. ती यादी मात्र डोक्यातून जाईना. पाण्यात विरघळणारे एक आम्ल, तेलात विरघळणारा एक पदार्थ, एक नारिंगी रंगद्रव्य, एक अधातू आणि एक धातू, यांच्यात रासायनिकदृष्ट्या काहीच साम्य नसताना पाचांनाही एकच बिरूद कसे काय मिळाले? वाचत गेल्यावर उलगडा झाला तो असा की, हे पदार्थाचे नाव नाही, कामाचे नाव आहे. एखाद्याला राखणदार म्हटले म्हणजे तो कोण, कुठला हे कळत नाही. तो काय करतो एवढेच कळते. आणि राखण नीट होते की नाही, हे तो कुठे उभा आहे आणि त्याच्या जोडीला कोण आहे यावर ठरते.

चिरून ठेवलेले सफरचंद तपकिरी पडते, लोखंड गंजते, फार दिवस उघडे राहिलेले तेल खवट होते. या तिन्हींच्या मुळाशी ऑक्सिडीकरण आहे, म्हणजे एखाद्या अणूने किंवा रेणूने आपले इलेक्ट्रॉन गमावणे. सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळले तर ती बराच वेळ पांढरी राहते, कारण लिंबातील आम्लता फोडीतील विकराला (एन्झाइमला), म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, मंद करते आणि त्यातील ‘क’ जीवनसत्त्व स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन तपकिरी रंग तयार होऊ देत नाही. शरीराशी जवळचे उदाहरण मात्र तेलाचे आहे, कारण आपल्या प्रत्येक पेशीचे पटल तेलासारख्याच मेदाम्लांचे बनलेले असते. अँटिऑक्सिडंट हा शब्ददेखील आधी आरोग्याचा नव्हताच. रबर चिरू नये आणि तेले खवट होऊ नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या रसायनांसाठी तो कारखान्यांत रूढ होता, आणि शरीराच्या संदर्भात तो पुष्कळ नंतर आला. शरीरालाही खवट होण्यापासून वाचावे लागते, ही कल्पना ऐकायला बरी वाटत नाही, पण ती बऱ्याच अंशी खरी आहे.

रेणूंमधील इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्याच्याकडे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन उरला आहे अशा अणूला किंवा रेणूला मुक्त मूलक म्हणतात. आपल्याकडे ‘फ्री रॅडिकल’ हेच नाव अधिक चालते. मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली असा पहिला सेंद्रिय मूलक प्रयोगशाळेत ओळखला, तेव्हा हे प्रकरण सजीवांच्या शरीरात रोजचेच असेल असे कोणाच्या मनातही नव्हते. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशींमधल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) पोहोचतो आणि अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेच्या अगदी शेवटी तो चार इलेक्ट्रॉन स्वीकारून पाण्यात रूपांतरित होतो. या वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटतात. ऑक्सिजनला चारऐवजी एकच इलेक्ट्रॉन मिळाला तर सुपरऑक्साइड नावाचा मूलक तयार होतो, त्याच्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि तेथे सुटे लोह हाती लागले तर त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक, जो या सर्वांत आततायी आहे आणि जिथे जन्मतो तिथेच शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. तंबाखूचा धूर, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, हवेचे प्रदूषण आणि शरीरात रेंगाळणारा दाह यांमुळे ही भर वाढते. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली, म्हातारपण म्हणजे मूलकांनी केलेल्या नुकसानीची साठत गेलेली बेरीज असावी, असा सिद्धांत मांडला. तो त्या स्वरूपात आज टिकलेला नाही, परंतु पुढच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाला आणि, खरे सांगायचे तर, गोळ्यांच्या मोठ्या बाजारपेठेलाही दिशा त्यानेच दिली.

पेशीपटलातील नुकसान समजून घेतले की अँटिऑक्सिडंटचे काम नेमके कळते. मूलक एका मेदाम्लाचा इलेक्ट्रॉन हिसकावतो, ते मेदाम्ल आता स्वतःच मूलक होते आणि ऑक्सिजनशी जोडले जाऊन शेजारच्या मेदाम्लावर हात टाकते, ते तिसऱ्यावर. एका ठिणगीने गवताची गंजी पेटावी तसा हा प्रकार आहे, आणि ही साखळी थांबवायची तर मध्ये असा कोणीतरी हवा की, जो इलेक्ट्रॉन देऊनही स्वतः उग्र होत नाही. ‘ई’ जीवनसत्त्व नेमके हेच करते. तेलात विरघळणारे असल्यामुळे ते पटलातच वस्तीला असते, साखळीतील मूलकाला आपला वाटा देते आणि स्वतः मूलक झाले तरी इतके सौम्य राहते की त्याच्यापासून पुढे आग पसरत नाही.

मात्र एकदा दिले की ते रिकामे होते, आणि मला या सर्व विषयात सर्वाधिक आवडलेला भाग येथे येतो. पटलाच्या काठाशी, पेशीतल्या पाणीदार भागात, ‘क’ जीवनसत्त्व असते. ते या रिकाम्या झालेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला उभे करते. मग ‘क’ जीवनसत्त्वाला पूर्ववत करण्यासाठी ग्लुटाथायोन पुढे येते, जे तीन अमिनो आम्लांपासून शरीर स्वतःच तयार करते, आणि ग्लुटाथायोनला पुन्हा भरून देण्याची ताकद अखेर आपण खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेतून येते. हातोहात बादल्या पुढे सरकवून आग विझवणाऱ्या माणसांच्या रांगेत एकाच माणसाला दहा बादल्या दिल्या आणि पुढचा माणूस जागेवर नसला, तर पाणी तिथेच सांडते. जीवनसत्त्वाची एकच गोळी मोठ्या मात्रेत घेण्यामागची गफलत मला या रांगेमुळे पहिल्यांदा उमगली.

रांगेतील सर्वांत मोठे काम तर जीवनसत्त्वांचे नाहीच. ते विकरांचे आहे. जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिसम्युटेज हा विकर शोधून काढला, आणि शरीर मूलकांना तोंड देण्यासाठी मुद्दाम यंत्रणा बाळगते हे स्पष्ट झाले. हा विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करतो, आणि त्या पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करण्याचे काम कॅटालेज करतो. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो तो याच कॅटालेजमुळे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हा आणखी एक विकर हीच कामगिरी पार पाडतो. आता बाटलीवरच्या यादीतील खनिजांचा अर्थ लागतो. जस्त आणि सेलेनियम स्वतः कोणत्याही मूलकाला झेलत नाहीत. पेशीद्रवातील डिसम्युटेजच्या गाभ्यात तांबे आणि जस्त बसलेले असतात, तंतुकणिकांतील डिसम्युटेजमध्ये मँगनीज, कॅटालेजमध्ये लोह, आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजमध्ये सेलेनियम. ही खनिजे म्हणजे हत्यारांची पाती आहेत. पाते नसेल तर हत्यार निकामी, हे खरे. पण एका मुठीला दोन पाती बसवून ते दुप्पट कापत नाही. सेलेनियम दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते, आणि प्रौढांनी ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये अशी मर्यादा सांगितलेली आहे, कारण अतिरेकाने केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. अन्नातील सेलेनियम जमिनीवर अवलंबून असते. चीनमधील केशान भागात जमिनीतच ते अत्यल्प असल्यामुळे तेथील लहान मुलांमध्ये व तरुण स्त्रियांमध्ये हृदयाच्या स्नायूंचा एक घातक आजार आढळत असे, आणि सेलेनियम देऊ लागल्यावर त्याचे प्रमाण खूप घटले.

‘क’ जीवनसत्त्वाची कथा अधिक जुनी आहे. जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने १७४७ साली स्कर्व्हीने आजारी असलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, आणि संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांआधी सुधारली. त्यातील नेमका पदार्थ हाती येण्यास जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली तो वेगळा केला, तेव्हा त्याची रचना ठाऊक नसल्याने त्यांनी ‘इग्नोज’ असे, म्हणजे ‘ठाऊक नसलेली शर्करा’ अशा अर्थाचे, नाव सुचवले. संपादकांनी ते नाकारल्यावर त्यांनी ‘गॉडनोज’ सुचवले. तेही अर्थातच छापले गेले नाही. पुढे १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमा उकलतात, त्याचे कारण असे की, कोलॅजन हे प्रथिन घट्ट विणणाऱ्या विकरांतील लोह कामाच्या स्थितीत ठेवण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्वाचा इलेक्ट्रॉन लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉन देणे हा या पदार्थाचा स्वभाव, आणि मूलक शमवणे ही त्या स्वभावाची अनेकांपैकी एक उपयुक्तता. परिस्थिती बदलली तर हाच स्वभाव उलटतो: सुट्या लोहाच्या सान्निध्यात, निदान परीक्षानळीत तरी, ‘क’ जीवनसत्त्व लोहाला पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन देऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होण्यास हातभार लावते. जो राखणदार आहे तोच दार उघडून देतो.

बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच बनवतात. मनुष्य, इतर काही वानरवर्गीय प्राणी, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांनी ही क्षमता उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहे, म्हणून आपल्याला ते खावेच लागते.

वनस्पतींनी स्वतःच्या रक्षणासाठी बनवलेल्या रंगद्रव्यांचा एक मोठा वर्ग यानंतर येतो. दिवसभर उन्हात उभे राहून प्रकाश शोषणाऱ्या पानाला मूलकांचा त्रास आपल्यापेक्षा अधिक असतो. गाजरातील बीटा कॅरोटीन, टोमॅटोतील लायकोपीन, पालकातील ल्युटीन ही त्याची उत्तरे होत. चहा, द्राक्षे, बेरी, कोको यांतील पॉलिफिनॉल गटाबद्दल मात्र गेली काही वर्षे फार उत्साहाने लिहिले गेले, आणि त्यातील बरेचसे परीक्षानळीच्या जोरावर लिहिले गेले. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सालीसह १०० ग्रॅम सफरचंदाची अँटिऑक्सिडंट क्षमता सुमारे १,५०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्वाएवढी भरली, जरी त्यात प्रत्यक्ष ‘क’ जीवनसत्त्व ६ मिलिग्रॅमदेखील नव्हते. आकडा विलक्षण आहे, परंतु तो नळीतील आहे. आतड्यांतून या पॉलिफिनॉलचा थोडाच भाग शोषला जातो आणि शरीर तो झपाट्याने बदलून बाहेर टाकते. अमेरिकेच्या कृषी खात्याने निरनिराळ्या खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेचा तक्ता संकेतस्थळावर ठेवला होता; त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा दुरुपयोग होतो, असे कारण देऊन २०१२ साली तो काढून टाकण्यात आला. मग हे पदार्थ निरुपयोगी म्हणायचे का? तसे नाही. कोबी आणि ब्रोकोलीपासून मिळणारे सल्फोराफेन स्वतः मूलकांशी फारसे झुंजत नाही. ते पेशीला किंचित डिवचते, आणि त्या इशाऱ्याने पेशी आपले संरक्षक विकर अधिक प्रमाणात बनवू लागते. अनेक वनस्पतिजन्य घटकांचा लाभ असाच आडवळणाने होत असावा, असे मानण्याकडे आता संशोधकांचा कल आहे.

गोळ्यांविषयीचा माझा भ्रम ज्या प्रयोगांनी उतरवला, ते आता सांगते. ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन अधिक, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असे अनेक निरीक्षणांत दिसत होते. तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांना हा पदार्थ गोळीतून द्यावा, ही कल्पना अगदी सरळ होती. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षे हा प्रयोग चालला. १९९४ साली निष्कर्ष आले ते असे की, दररोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक होता. पहिल्या वाचनात मला हे छपाईची चूक वाटली. अमेरिकेत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले अशा १८,३१४ जणांना बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणारा दुसरा प्रयोग चालू होता. त्यात कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक आढळल्यामुळे तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवण्यात आला. ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी ३५,५३३ पुरुषांवर झालेल्या प्रयोगातही टळण्याऐवजी, २०११ च्या अहवालानुसार, केवळ ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये तो १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

निरीक्षणे खोटी नव्हती. त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला. रक्तातील बीटा कॅरोटीन ही मुख्यतः भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्या माणसाची खूण होती, आणि असा माणूस भाज्यांबरोबर इतर शेकडो घटक घेत असतो, शिवाय बहुधा इतर बाबतींतही सांभाळून राहत असतो. आपण खूण उचलली आणि माणूस मागे ठेवला. धुराने पोळलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतील बीटा कॅरोटीन स्वतःच मोडून त्याचे तुकडे हानिकारक ठरत असावेत, असे एक स्पष्टीकरणही दिले जाते.

त्याहून मूलभूत अडचण अशी की, ऑक्सिडीकरण हा शत्रू नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर त्याच्यावर सुपरऑक्साइडचा जाणूनबुजून मारा करतात. ज्या मुलांमध्ये हा मारा करणारा विकर जन्मतःच सदोष असतो, त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हादेखील एक मूलकच आहे, आणि त्याच्या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दिले गेले. व्यायामाच्या वेळी स्नायूंत वाढणारे मूलक तर शरीराला दिलेली सूचना असते. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना रोज १,००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० एकक ‘ई’ जीवनसत्त्व दिले होते, त्यांच्यात व्यायामाने इन्शुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात व्हायला हवी होती ती सुधारणा दिसली नाही. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये ती दिसली. पुढील सर्व अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आलेला नाही, पण विचार करायला लावणारा आहे खास. कर्करोगावरील किरणोपचार आणि काही औषधेही अंशतः मूलकांच्या मार्फतच काम करतात, त्यामुळे असे उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेणे धोक्याचे आहे.

अन्नातून मिळणाऱ्या मात्रेबाबत शरीर स्वतःच हिशेबी असते. ‘क’ जीवनसत्त्व एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत घेतले तर ते जवळजवळ सर्व शोषले जाते. एक ग्रॅमच्या वर निम्म्याहून कमी, आणि शोषलेले जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. दोन ग्रॅम ही प्रौढांसाठी सांगितलेली वरची मर्यादा आहे, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तर मोठ्या मात्रा टाळलेल्याच बऱ्या. रोजची गरज प्रौढांसाठी १०० मिलिग्रॅमच्या आतच आहे. अमेरिकेतील शिफारशींत धूम्रपान करणाऱ्यांसाठी ३५ मिलिग्रॅम अधिक धरलेले आहेत, कारण धुराने ते लवकर खर्च होते. एक मोठे संत्रे आणि एखादी ढोबळी मिरची एवढ्याने हे सहज भागते. ‘ई’ जीवनसत्त्व बदाम, सूर्यफुलाच्या बिया व तेलांतून मिळते. जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवते.

शिजवण्याविषयी मात्र सरसकट नियम सांगता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि उष्णतेने नाश पावते, म्हणून भाज्या भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देणे हा ते घालवण्याचा खात्रीचा उपाय होय. लायकोपीनचे उलट आहे: टोमॅटो शिजवल्याने त्याच्या पेशी फुटतात आणि सोबत थोडे तेल असल्यास ते कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक शोषले जाते. गाजराचेही तसेच. तेलाचा थेंबही न घालता केलेली कोशिंबीर आरोग्यदायी मानणाऱ्यांपैकी मी होते, आणि बीटा कॅरोटीनच्या दृष्टीने तो माझा अडाणीपणा होता.

गोळ्या कोठेच उपयोगी नाहीत असेही नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने होणारी झीज मध्यम टप्प्यावर पोहोचलेल्या रुग्णांमध्ये ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मिश्रणाने आजार शेवटच्या टप्प्याकडे जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २००१ साली आढळले. ज्यांची झीज अगदी प्राथमिक होती किंवा नव्हतीच, त्यांना मात्र लाभ झाला नाही. दुसऱ्या चाचणीनंतर, २०१३ साली, त्या मिश्रणातील बीटा कॅरोटीन काढून त्याजागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्ये घालण्याचे सुचवण्यात आले. कारण पुन्हा तेच, धूम्रपान करणाऱ्यांची फुप्फुसे.

माझी बाटली अर्धी राहिली आहे हे कळल्यावर मावसभाव म्हणाला, वाया कशाला घालवतेस, मला दे, मी संपवतो. तो दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो. मी बाटली दिली नाही. यादीतील तिसऱ्या नावावर बोट ठेवून त्याला फिनलंडची गोष्ट सांगितली.